चोथ्यातली मिरी

सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला कागदोपत्री 'औषधनिर्माता' म्हणतात. मी उभ्या नोकरीत एकही औषध निर्माण केलं नाही. कारखान्यातून आलेल्या गोळ्या डब्यातून काढायच्या, मोजायच्या, कागदाच्या पुडीत बांधायच्या आणि 'सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर' असं म्हणून पुडी खिडकीबाहेर सरकवायची, एवढंच माझं निर्माण. लोक मला कंपाउंडर म्हणत, जवळचे भाऊ म्हणत. दोन्ही नावं मला औषधनिर्मात्यापेक्षा खरी वाटायची.

१९९८ साली मी मालवण तालुक्यातल्या, समुद्राच्या अगदी कडेला असलेल्या एका आरोग्य केंद्रात बदलून आलो आणि २०१० मध्ये तिथूनच निवृत्त झालो. मी कुडाळकडचा, भातशेतीवाल्या घरातला. घरी मालवणी आणि खिडकीत प्रमाण मराठी, अशी माझी वाटणी होती. सरकारी खुर्चीत बसलं की जीभ आपोआप इस्त्री केल्यासारखी व्हायची, ती पाच वाजता मोकळी व्हायची.

निवृत्त कंपाउंडरने अनुभव लिहायचे म्हणजे साप चावलेले, विंचू चावलेले, अडलेल्या बाळंतिणी, असं लोकांना वाटतं. तसं बरंच काही पाहिलं, पण त्यात माझा वाटा पुडी बांधण्याइतकाच. माझ्या हातून खरोखर जे घडलं ते काळ्या मिरीमुळे घडलं. मिरी आमच्या औषधांच्या यादीत नव्हती. ती माझ्या खिशात असायची.

झालं असं की मला मिळालेल्या क्वार्टरच्या मागे एक जुना फणस होता आणि त्यावर मिरीचा वेल चढलेला होता. कोणी लावला ते कोणाला माहीत नव्हतं. पहिल्याच वर्षी घोस लागले. दिवसभर गोळ्यांची भुकटी नाकातोंडात जाऊन माझा घसा धरायचा, म्हणून खिडकी उघडायच्या आधी मिरीचा एक दाणा दाढेखाली धरायची सवय लागली. ती आजतागायत आहे. म्हणजे थोडे दिवस सोडावी लागली होती, ते पुढे येईल.

दाणा दाढेखाली असला की माणूस विचार करतो. मला पहिला प्रश्न पडला तो रंगाचा. एकाच घोसातले हिरवे दाणे तोडले, गरम पाण्यातून काढून उन्हात टाकले, की दोन दिवसांत काळे कुळकुळीत. त्याच घोसातले पिकून लाल झालेले दाणे आठवडाभर पाण्यात ठेवून वरचं साल चोळून काढलं, की आत पांढरी मिरी. वाण्याकडे दोघींचा भाव वेगळा, आणि झाड एकच. पुस्तकं उलटीपालटी केली तेव्हा कळलं, की काळेपणा सगळा सालीचा. सफरचंद चिरून ठेवलं की जसं काळवंडतं, तसंच सालीतलं द्रव्य हवेशी आणि उन्हाशी मिळून काळं होतं. मिरीचा वासही बहुतेक सालीतच. तिथे उडून जाणारी तेलं असतात, म्हणून कुटून ठेवलेली मिरी महिन्याभरात मुकी होते आणि आयत्या वेळी कुटलेली शेजारच्या घरात शिंका काढते. तिखटपणा मात्र आत, गाभ्यात. त्या तिखट द्रव्याला पायपेरिन म्हणतात.

हे पायपेरिन वेगळं काढलं तर फिकट पिवळ्या सुयांसारखे स्फटिक मिळतात. जिभेवर ठेवले तर आधी काहीच लागत नाही, मग हळूहळू आग सुरू होते आणि लवकर थांबत नाही. गोड, आंबट, खारट यांची चव जिभेला कळते. तिखटाची बातमी पोचते ती भाजल्याचं कळवणाऱ्या नसांमधून. मिरी खाल्ली की शरीराला वाटतं आपण भाजलो, म्हणून कपाळावर घाम येतो, नाक वाहतं, कफ सुटतो. म्हणजे सर्दीवर मिरी गुणकारी, ते शरीराची फसवणूक करून. हे वाचलं त्या दिवशी मी इतका खूश झालो, की बायकोने विचारलं, पगारवाढ झाली का.

वाचून समाधान होईना, तेव्हा प्रयोग केला. कुटलेल्या मिरीच्या सारख्या तीन वाटण्या करून तीन बाटल्यांत घातल्या. एकीत कोमट पाणी, दुसरीत खोबरेल तेल, तिसरीत काजूची फेणी. फेणीसाठी आरोंद्याला दिलेल्या बहिणीला निरोप पाठवला. गोव्याची हद्द तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिने पाव बाटली पाठवली आणि सोबत निरोप, 'दादा, तब्येत सांभाळ'. आमच्या शिपायाने ती बाटली कपाटात पाहिली आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की कंपाउंडर दवाखान्यात बसून घेतो.

दुसऱ्या दिवशी तिन्ही बाटल्या गाळून एकेक थेंब जिभेवर घेतला. पाण्याला वास छान, तिखटपणा अगदी नावाला. तेलाचा थेंब दहा मिनिटं पोळत राहिला. फेणीचं विचारूच नका. पायपेरिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात आणि दारूत विरघळतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण जिभेने वाचलं ते विसरलो नाही. आणि मग लक्षात आलं, की आमच्या घराघरांत मिरी पाण्यात उकळतात, काढा गाळून पितात आणि चोथा माडाच्या मुळात टाकतात. म्हणजे ज्याच्यासाठी मिरी घातली ते चोथ्याबरोबर जातं आणि माड बिचारा सर्दी नसताना औषध पितो.

हा शोध मी खिशात ठेवून गप्प बसलो असतो, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण ज्ञान झालं की ते कोणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि खिडकीतल्या माणसाला बोलायची संधी कुठे मिळते? २००३ साली ती मिळाली. गणपती नुकतेच गेले होते. शाळेच्या हॉलमध्ये बायकांचा आरोग्य मेळावा भरला, आणि मुख्य पाहुण्या वेळेवर पोचल्या नाहीत. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही अर्धा तास काहीतरी बोला. तुमची मिरी सांगा."

मी तिन्ही बाटल्या घेऊनच गेलो. फेणीची बाटली पाहून हॉलमध्ये जी खसखस पिकली तिने माझा उत्साह दुप्पट झाला. मी माझं इस्त्रीचं मराठी काढलं. "भगिनींनो, काळ्या मिरीतील मुख्य घटक पाण्यात उतरत नाही, तो स्निग्ध पदार्थात उतरतो." मग पाण्याचा आणि तेलाचा एकेक थेंब पुढच्या रांगेतल्यांच्या तळहातावर चाटायला दिला. तेलाने काम चोख केलं. आणि मग, कोणी न विचारता, मी आणखी एक गोष्ट सांगितली. मिरीमुळे दुसरं औषधही अंगाला जास्त लागतं. जुने वैद्य सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचं त्रिकटू इतर औषधांत उगीच नव्हते घालत. मिरी आतड्यातून औषध जास्त आत जाऊ देते, आणि आलेलं औषध मोडून बाहेर टाकायचं काम यकृत करतं, त्या कामाला ती जरा खीळ घालते. हळदीत चिमूटभर मिरी घाला, म्हणजे हळद वाया जात नाही.

पुढच्या रांगेत सुनंदा बसली होती. मासळी बाजारात बसणारी, माहेर मिठबावचं, बाबल तांडेलाची बायको. आवाज असा, की बाजारात तिने भाव सांगितला की बंदरावर ऐकू यावा. ती उठून म्हणाली, "म्हंजे भाऊ, आमी इतकी वर्सां पाणी पियालो आणि मिरी माडाक घातली?"

"घातली," मी म्हणालो. हॉल हसला.

"मगे खोबऱ्याच्या तेलात परतान, चोथ्यासकट दिली तर चलात?"

"उत्तम," मी म्हणालो. "चोथा अजिबात टाकू नका."

टाळ्या पडल्या. नोकरीत मला मिळालेल्या त्या एवढ्याच टाळ्या.

आता बाबलविषयी सांगायला हवं. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. जाळं कुठे टाकायचं, कधी परतायचं, हे तो ठरवतो आणि बाकीचे पाचसहा खलाशी मुकाट ऐकतात. बाबल तारकर्लीकडच्या वाडीतला, पंचेचाळिशीचा, हाडापेराने दणकट. मेळाव्याच्या पाच वर्षं आधी त्याला फिट येऊ लागल्या. एकदा होडीतच आली आणि माणसांनी त्याला जाळ्यात गुंडाळून धरलं म्हणून वाचला. तेव्हापासून तो फेनिटॉइन नावाची गोळी रोज रात्री घेत होता, माझ्याच खिडकीतून. त्यापूर्वी तो प्यायचा, आणि बऱ्यापैकी प्यायचा. फिट सुरू झाल्यावर त्याने गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवासमोर सगळ्यांदेखत शब्द दिला, की दारूला शिवणार नाही. तीन वर्षं फिट आली नाही, तेव्हा माणसांनी सुकाणू पुन्हा त्याच्या हातात दिलं. त्याची होडी त्या शब्दावर चालत होती म्हटलं तरी चालेल.

मेळाव्यानंतर महिन्याभराने बाबल खिडकीपाशी आला. मी पुडी पुढे केली, तर त्याचा हात पुडीच्या बाजूने गेला. दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्यांदा त्याने खिडकीचा गज धरला आणि मग पुडी घेतली. तो लाटांवरच्या होडीत उभा असल्यासारखा डुलत होता, आणि जमीन तर स्थिर होती.

त्याच्या मागे त्याचा चुलतभाऊ पांडू उभा होता. तोही त्याच होडीवरचा. "भाऊ, तुमीच सांगा ह्येका," पांडू म्हणाला. "देवाक दिलेलो शब्द मोडूक नये. काल होडयेतसून उतरताना पाण्यात पडलो."

"पियाक नाय मी," बाबल म्हणाला. "थेंब नाय." पण बोलणं जड, शब्द एकमेकांवर सांडणारं.

मी खिडकीतून पुढे वाकून वास घेतला. दारूचा वास नव्हता. मिरीचा होता. दारूचा वास लपवायला माणसं मिरी, लवंग, बडीशेप चघळतात, हे खिडकीमागे बसून शिकलेलं माझं शहाणपण. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला आणि वर चार माणसांत म्हणालो, "बाबल, निदान सुनंदाकडे बघून तरी..." त्याने माझ्याकडे पाहिलं.  ती नजर मला अजून नको वाटते.

डॉक्टरबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण माझ्यासारखी घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी बाबलला खुर्चीत बसवलं, त्याच्या डोळ्यांसमोर बोट धरून हळूहळू बाजूला नेलं. बोट थांबलं, पण बाबलचे डोळे थांबेनात. ते बारीक झटके देत राहिले. त्यांनी त्याला नाकाला बोट लावायला सांगितलं, तर ते गालाला लागलं. मग मला आत बोलावून म्हणाल्या, "काका, हा प्यायलेला नाही. गोळी जास्त झाल्यासारखं दिसतंय. तुम्ही जास्त दिल्या का?"

मी रजिस्टर काढलं. गोळ्या बरोबर दिल्या होत्या. मग तो घरी जास्त खात असेल. हे बघायला मी दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटर काढून त्याच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर आपली मोजणी चुकली नाही, हे सिद्ध करायला गेलो.

सुनंदा नुकतीच बाजारातून आली होती. तिने स्टीलचा डबा आणून माझ्यापुढे उघडा केला. गोळ्या मोजल्या, एकही इकडेतिकडे नाही. माझा जीव भांड्यात पडला, तेवढ्यात ती म्हणाली, "गोळी मी सोता देतंय भाऊ, रोज. आणि तुमी सांगलास तसा सगळा करतंय." चुलीपाशी एक लहान लोखंडी कढई होती. तिच्या तळाला खोबरेल आणि त्यात चांगली चमचाभर भरड कुटलेली मिरी, परतून तयार. "आदी काढो करून गाळी होतंय. आता चोथ्यासकट देतंय, गुळाबरोबर. गोळयेबरोबरच देतंय. तुमीच म्हटलास ना, औषध अंगाक जास्त लागता म्हणान? म्हटला, गोळी बरी लागांदे. मगे फिट कधीच येवची नाय."

मी ओटीवर बसलो. तिने पाणी आणून दिलं.

फेनिटॉइन ही गोळी जरा चमत्कारिक आहे, तिची अडचण इथे सांगतो. आमच्या खाडीवर पूर्वी तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, होती तेव्हा तिच्यात दहाच माणसं मावत. दहा आली तर दहा पलीकडे जात, धक्का मोकळा. अकरावं आलं तर ते धक्क्यावर राही, पुढच्या खेपेला पुन्हा दहा आणि वर एक, आणि दिवसभरात धक्क्यावर जत्रा जमे. यकृत ही गोळी मोडतं ते असंच, ठरावीक वेगाने. प्रमाण सीमेवर असेल तर थोडीशी भर पडली तरी रक्तात ती साठत जाते. बाबलचं प्रमाण सीमेवरच होतं. सुनंदाने मिरीने धक्क्यावर माणसं वाढवली आणि होडीचा वेगही कमी केला. साठलेली गोळी माणसाला डोलायला लावते, दोन दोन दिसायला लागतं, जीभ जड होते. दारू प्यायल्यासारखंच दिसतं सगळं. आणि हे कसं होतं ते मी मेळाव्यात, टाळ्या घेऊन, स्वतःच सांगितलं होतं. फक्त औषध अंगाला जास्त लागणं हे वाईटही असू शकतं, एवढं एक वाक्य राहिलं होतं.

"मिरी बंद करा," मी सुनंदाला म्हणालो. "आजपासून. एक दाणाही नको. आणि बाईंनी सांगितल्याशिवाय गोळी मात्र बंद करू नका." का, ते सांगितलं नाही. 

डॉक्टरबाईंना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी रक्त गोव्याला तपासायला पाठवलं. गोळी दोन दिवस थांबवून, बाबलला दवाखान्यातच ठेवून, पुन्हा सुरू केली. रक्ताचा कागद आला तेव्हा त्यावरचा आकडा जितका असावा त्याच्या बराच वर होता. बाबल हळूहळू सरळ चालू लागला. पंधरा दिवसांनी तो खिडकीपाशी आला आणि पुडी पहिल्या झटक्यात उचलून घेतली. मला एवढा आनंद झाला, की पुडी परत घेऊन त्याला पुन्हा उचलायला लावावी असं वाटलं.

"कागदावर 'औषधाचं प्रमाण वाढलं' एवढं लिहिते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचं भाषण लिहायची गरज नाही काका." मी मान हलवली. मला तेच हवं होतं.

पण गावात गोष्टी कागदावरून चालत नाहीत. बाबल प्यायला नव्हता, हे कागदाने सिद्ध झालं. मग तो डोलत का होता? बाबलच्या आईने कढई पाहिली होती. पांडूने तिच्याकडून ऐकलं. आठवडाभरात बाजारात कुजबुज, की बायलेन घोवाक कायतरी घातल्यान, म्हणजे बायकोने नवऱ्याच्या खाण्यात काहीतरी घातलं. रोज घालायची, मिरीच्या नावाखाली. कोणी म्हणे मिरीच होती कशावरून. सुनंदाच्या टोपलीपाशी गिऱ्हाईक थांबेनासं झालं. तिच्या हातची मासळी नको. आणि होडीवरच्या माणसांनी ठरवलं, की बाबलने सुकाणू धरण्याआधी देवाला कौल लावायचा, की घरातल्या माणसाने घातलं का, आणि ते माणूस घराबाहेर काढावं का. कौल म्हणजे देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सुनंदाने मिठबावला जायला पिशवी भरून ठेवली होती. उजवी पडायची वाट ती बघणार नव्हती.

हे सगळं मला आमच्या शिपायाने सांगितलं, पुड्यांना दोरा गुंडाळता गुंडाळता. मी तसाच बाबलकडे गेलो. आजार त्याचा, त्याची गोष्ट चारचौघांत सांगायची तर त्याला विचारायला हवं. मी कसंबसं सगळं सांगितलं. त्याने हातातली जाळ्याची गाठ आवळली.

"सांगा," तो म्हणाला. "माझा नाव घेवन सांगा. तिचा नाव मातर त्येच्या आदी घेवा."

कौलाच्या दिवशी सकाळी देवळात पन्नासेक माणसं होती. मेळाव्यातल्या कितीतरी बायका खांबांमागे उभ्या होत्या. पुजाऱ्याने पाकळ्या ओल्या केल्या. मानकरी, म्हणजे देवळात पहिला मान असलेला म्हातारा गृहस्थ, गाऱ्हाणं घालायला उठला. मी पुढे होऊन हात जोडले आणि बोलायची परवानगी मागितली. त्या क्षणी माझ्या तोंडून सरकारी मराठीतलं एकही वाक्य निघेना.

"सुनंदान कायएक वायट करूक नाय," मी म्हणालो. "मेळाव्यात उभो रवान मीच सांगलंय, चोथो टाकू नकात, मिरयेन औषध अंगाक लागता. तिना माझा आयकल्यान. घोवाक फिट येव नये म्हणान दिल्यान. बाबल कसली गोळी घेता ता माका म्हायत होता, आणि ती मिरयेबरोबर चलाची नाय ह्यो इचार करूचा काम माझा होता. मी केलंय नाय. बाबल खिडकेर इलो तेवा त्येका दारूडो समाजलंय. कौल लावचो तर माझ्या नावान लावा."

 पांडूने विचारलं, "पण मिरी आमी सगळेच खातो. आमका कशी चढत नाय?" प्रश्न चांगला होता. मी देवाच्या पायरीवर उभा राहून तरीची, दहा माणसांची आणि धक्क्याची गोष्ट सांगितली. पूर्वी ती तर चालवणारा एक म्हातारा मधेच म्हणाला, "धा नाय, बारा घेय होतंय मी," आणि हसू फुटलं. मानकऱ्याने पाकळ्या पुजाऱ्याच्या हातून काढून ताम्हनात ठेवल्या. "मगे देवाक कित्याक तरास?" तो म्हणाला. "देव काय मेळाव्याक नाय इललो. बाबल, होडयेर जा."

बाबल होडीवर गेला. सुनंदाची पिशवी रिकामी झाली. तिने माझे आभार मानले नाहीत, आणि मानायचं काही कारणही नव्हतं. देवळाच्या पायऱ्यांवर ती थांबली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी मेळाव्यात सांगलास ता खोटा नाय होता. पण दर म्हयन्याक मी तुमच्या खिडकेर येतंय. पाच वर्सां येतंय. एकदा तरी इचारलास, गोळयेबरोबर काय देतस म्हणान?"

नव्हतं विचारलं. कोणालाच विचारलं नव्हतं. 'जेवणानंतर' म्हणायचो, पण जेवणात काय, हे त्या गजांपलीकडचं जग होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक पुडीबरोबर विचारू लागलो, "गोळीबरोबर आणखी काय घेता?" रांग हळू सरकायची, लोक वैतागायचे, पण उत्तरं अशी यायची, की मी एक वही केली. कोणी गोळी चहात विरघळवून घेई. एकजण रक्तदाबाची गोळी ताडीबरोबर घेत होता, कारण डॉक्टरांनी 'द्रवाबरोबर' सांगितलं होतं. एक आजी लोहाची गोळी रोज न चुकता तुळशीला वाहत असे आणि मग अंगात रक्त नाही म्हणून येत असे. हे ऐकलं की मी डॉक्टरबाईंना सांगायचो, आणि त्या कधी हसायच्या, कधी औषध बदलायच्या. मिरीचं कुतूहल मात्र सुटलं नाही. फणसावरचा वेल वाढतच होता आणि दाढेखाली दाणा येतच होता. खिडकीतला प्रश्न एकीकडे आणि दाढेखालचा दाणा एकीकडे, असं माझं चाललं होतं.

२००९ च्या शेवटी मलाही रक्तदाब निघाला. डॉक्टरबाईंनी गोळी सुरू केली. त्यांनी विचारलं, "काका, आणखी काय घेता?" मी म्हणालो, काही नाही. मिरीचा एक दाणा म्हणजे काही घेणं थोडंच?

निवृत्तीला महिना राहिला होता. सकाळी नऊची वेळ, खिडकी नुकतीच उघडलेली. सुनंदा बाबलच्या गोळ्या घ्यायला आली. माझी गोळी मी नुकतीच घेतली होती आणि तिचं पाकीट कोपराशी पडलं होतं. बाजारात कल्ला उघडून मासळीचा ताजेपणा बघणारी बाई ती, नजरेतून काय सुटणार?

"ही कोणाची?"

"माझी," मी म्हणालो. "रक्तदाबाची."

तिने पुडी घेतली नाही. गजांना नाक लावलं आणि वास घेतला. मी सात वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचा घेतला होता, तसाच.

"भाऊ," ती बाजारातल्या आवाजात म्हणाली, "गोळयेबरोबर काय घेतास?"

"पाणी," मी म्हणालो, आणि दाणा गालाकडे सरकवला.

"तोंड उघडा."

मागे रांगेत वीसेक माणसं उभी होती. मी तोंड उघडलं.